परक्या गाण्यांचे वामनभाऊ

वामनभाऊ पराते खुर्चीवर पूर्ण बसलेले मी कधी पाहिले नाहीत. अर्धे खुर्चीवर, अर्धे हवेत. डावा पाय चपलेत घातलेला आणि चपलेचं तोंड रस्त्याकडं. लाखांदूरच्या बाजाररस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान आणि माझं शिवणकामाचं दुकान लागून लागून आहे. मधे नुसती पत्र्याची भिंत. त्यांनी ताग्यावरची धूळ झटकली तरी मला ऐकू येतं. एकदा मी विचारलंच, "भाऊ, आरामात काहून बसत नाही तुमी?"

"बाई, आरामात बसलेल्या माणसाले उठाले येळ लागते."

"पण उठायचं कायले?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

'सांगता येत नाही' हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. छताचा पंखा पडेल का? सांगता येत नाही. म्हणून ते कापड पंख्याखाली मोजत नसत, कोपऱ्यात जाऊन मोजत. आपल्याकडं भूकंप होत नाही असं कोणी म्हटलं, तर "भूकंपानं सांगतलं का तुमाले?" असं विचारत. एसटीत चढले की संकटकाळी बाहेर पडायच्या मागच्या दाराजवळची जागा धरत आणि कंडक्टरला म्हणत, "हे उघडते का? एक डाव उघडून दाखवा ना, भाऊ." वाघाचं भेव आमच्या भागात सगळ्यांनाच आहे, ते कोणाच्याही ध्यानात येतं. वामनभाऊंना शेळीचंही होतं. शेळी म्हणे टक लावून पाहते, आणि तिच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

विजेच्या तारेला तर ते हातच लावत नसत. गावच्या भजन मंडळाचा माईक आणि भोंगा त्यांच्याच दुकानात ठेवलेला असे, कारण इतकी जपणूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. पण मंगळवारी भजनाच्या वेळी प्लग लावायला मला बोलवायचे. मी बटण दाबलं की ते दाराबाहेर उभे राहून विचारत, "जिती हाय ना, बाई?"

या माणसाचा एकच अवयव भीत नव्हता. तो म्हणजे कान.

वामनभाऊंचं घराणं विणकरांचं. वडिलांच्या काळात घरात माग होते. ते बंद पडले, तशी वामनभाऊंनी गिरणीच्या कापडाचं दुकान मांडलं. वडिलांची पेटी मात्र त्यांनी ठेवली. ते भजनात पेटी वाजवत आणि बरी वाजवत. पण कुठून अनोळखी गाणं कानावर आलं, की त्यांचे पाय आपोआप तिकडं चालू लागत. भीती मागून पळत यायची आणि त्यांना गाठायची, पण तोवर ते तिथं पोचलेले असत.

आणि अनोळखी गाण्यांना आमच्याकडं तोटा नाही. नकाशात आमचा भाग आडवळणाचा दिसतो, धान, तलाव आणि जंगल. पण माणसं इथं कुठून कुठून येऊन राहिलीत. वडश्याच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला, देश सोडून आलेल्या बंगाली लोकांच्या वस्त्या आहेत. अर्जुनीकडं तिबेटी लोकांचा कॅम्प आहे. राईस मिलमध्ये बिहारचे हमाल आहेत, विटाभट्टीवर छत्तीसगडची कुटुंबं येतात, आणि दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर आहेत, त्या रविवारी खोलीचं दार लावून त्यांच्या भाषेत येशूची गाणी म्हणतात. सगळ्यांनी आपापली गाणी सोबत आणलेली. आम्हा गावच्यांना तो कलकलाट वाटायचा. "चालू झाला यांचा गोंधळ," म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. वामनभाऊ मात्र सिस्टरच्या खिडकीखाली उभे राहायचे आणि कोणी पाहिलं तर चपलेचा अंगठा तुटला म्हणून सांगायचे. एकाच चपलेचा अंगठा दर रविवारी तुटायचा.

राईस मिलच्या हमालांचं गाणं ऐकायला ते संध्याकाळी सायकल घेऊन जात. कुंपणाबाहेर उभे राहत. सायकल स्टँडवर लावत नसत, तोंड गावाकडं करून हातात धरत. आत ढोलक तापलं की यांचं डोकं हलू लागे. एक दिवस एका हमालानं पाहिलं आणि आत बोलावलं. त्याच्या हातात पोतं ओढायचा आकडा होता. वामनभाऊ जे निघाले ते माझ्या दुकानात येऊनच थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. महिनाभरानं ते आत, पोत्यावर, अर्धे बसून झांज वाजवत होते.

तिबेटी कॅम्पात त्यांच्या नवीन वर्षाला गेले, तेव्हाची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी बाईनं आमंत्रण दिलं होतं. तिथं दोन लामांनी जमिनीला टेकलेलं, माणसापेक्षा लांब तुतारीसारखं वाद्य फुंकलं. "बाई, असा आवाज, का जसा तलावाच्या पोटातून रेडा हंबरून राहिला. मले वाटलं, झालं आता. मी जो धावलो, तो त्याहिच्या सैपाकखोलीत घुसलो." त्या बाईनं त्यांना चूल दाखवून बसवलं, मीठ घातलेला चहा दिला. मग एका म्हाताऱ्यानं तारांचं वाद्य छातीशी धरून हळू आवाजात गाणं म्हटलं. तो आपल्या डोंगराबद्दल गात होता म्हणे. "तुमाले कसं समजलं?" मी विचारलं. "तो गातानी वरते पाहे," वामनभाऊ म्हणाले. "आपल्या इथं वरते पाहाले काहीच नाही ना."

याचा त्रास भजन मंडळाला झाला. मंगळवारी अभंग रंगात आला की वामनभाऊंची बोटं घसरत आणि मधेच तिबेटचा डोंगर उभा राही. कधी विठ्ठलाच्या पाठोपाठ बिहारची होळी येई. मंडळाचे प्रमुख तुकारामजी म्हणजे गंभीर माणूस, टाळ थांबवून म्हणाले, "वामन, तू पेटी वाजव. दरवेळी पासपोर्ट नको दाखवू."

"आपोआप होते, तुकारामजी."

"उद्या काय वाजवशील?"

"सांगता येत नाही."

बंगाली वस्तीतला निताई आणि त्याची बायको शेफाली ही वामनभाऊंची खास माणसं. धान निघालं की दोघं दरसाल यायची. निताई दोतारा वाजवायचा, ती हातात छोटी झांज घेऊन गायची. दारोदार सूपभर धान मिळायचं. दुपारी वामनभाऊंच्या ओट्यावर बसून पाणी प्यायची. निताई त्यांना 'दादा' म्हणे. त्यांचं एक गाणं, नावाड्याला हाक मारणारं, वामनभाऊंनी पेटीवर पूर्ण बसवलं होतं. शेफाली हसून म्हणायची, "दादा का पेटी हमारे गाँव का पानी पिया है."

त्या वर्षी सुगी आली आणि तिच्यासोबत ती अफवा आली.

आधी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुठलाच पत्ता नसलेला. लेकरं पळवणारी टोळी फिरून राहिली, गाणारे, भिकारी, साधू बनून येतात, पोतडीत लेकरू टाकून नेतात. मग दुसरा व्हिडिओ आला. मग दिघोरीच्या बसमध्ये कोणी सांगितलं की कुठल्याशा गावात एक मुलगी गेली. कुठलं गाव, ते कोणालाच माहीत नव्हतं, पण मुलगी गेली हे सगळ्यांना माहीत होतं. ठाण्यातले जमादार बाजारात येऊन बोलले की असं काही झालेलं नाही. लोक म्हणाले, पोलीस तर असंच म्हणतात.

मी खोटं कशाला सांगू, मीही घाबरले होते. माझी नात अंगणात खेळत असली तर मशीन सोडून घरी फोन लावायची. रस्त्यावरून अनोळखी माणूस गेला की सगळी दुकानं गप्प व्हायची आणि तो वळेपर्यंत त्याच्या पाठीकडं पाहत राहायची. राईस मिलच्या हमालांनी ढोलक बंद केलं. सिस्टरच्या खिडकीला आतून पडदा आला. गाव इतकं चूप मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि वामनभाऊ पहिल्यांदाच म्हणाले, "बाई, आता मले खरोखर भेव लागून राहिलं."

"आधी काय होतं मग?"

"आधी कायचं कायचं होतं. पंख्याचं, शेळीचं. हे माणसाचं हाय."

त्यांनी निताईला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण आधीच्या बाजाराच्या दिवशी शेफालीनं त्यांच्याकडून लाल कापड घेऊन मला तिच्या नातीसाठी फ्रॉक शिवायला दिला होता. नातीचा वाढदिवस जवळ आला होता. दोघं फक्त तो फ्रॉक न्यायला आली. सकाळी मी तो कागदात गुंडाळून शेफालीच्या हातात दिला आणि म्हटलं, "सीधे घर जाना." ती हो म्हणाली. निताईला वाटलं, आलोच आहोत तर वांगी घेऊ. दोतारा त्याच्या खांद्याला होता. तो त्याच्या खांद्याला नेहमीच असायचा.

भाजीच्या रांगेत एक लहान पोरगं आईचा हात सुटून रडत होतं. शेफालीनं त्याला उचललं आणि आई कुठं आहे ते पाहू लागली. एवढंच झालं.

मी आरडाओरडा ऐकून ओट्यावर आले, तोवर त्या दोघांभोवती कडं झालं होतं. पोरगं आईकडं गेलं होतं, पण आता त्याचं कोणाला काही नव्हतं. कोणीतरी शेफालीची पिशवी उलटी केली आणि कागदातून लाल फ्रॉक बाहेर पडला. "लेकराचे कपडे! पाहा, लेकराचे कपडे!" एकानं तो काडीनं वर धरून दाखवला. निताईच्या तोंडातून रक्त येत होतं. दोतारा कोणाच्या पायाखाली गेला, तो मोडल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. चारी बाजूंनी मोबाइल वर झाले होते. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, तर त्या कड्यात अनोळखी कोणीच नव्हतं. पानठेलेवाला होता, चपलांच्या दुकानाचा मालक होता, ज्याच्या बायकोचे लग्नाचे ब्लाऊज मी शिवले तो होता. त्यांचे चेहरे तेच होते आणि तरी मला ते ओळखू येत नव्हते.

मी ओरडले, "तो फ्रॉक माह्या दुकानातला हाय!" त्या गोंगाटात माझं कोणी ऐकलं नाही. बाजूला पाहिलं, तर वामनभाऊ शटर खाली ओढत होते. अर्ध्यावर येऊन ते अडकलं, आणि वामनभाऊ वाकून आत नाहीसे झाले.

मी जमादारांना फोन लावला आणि गर्दीकडं धावले. पण कड्याच्या आत मला कोणी घेईना. पाठी, खांदे, कोपरं. आतून शेफालीचा आवाज येत होता, "नातनी का है, नातनी का है."

आणि तेव्हा भोंगा वाजला.

आधी कानठळ्या बसवणारी शिट्टी आली. मग काहीच नाही, नुसता श्वास. मोठा, फाटलेला, थरथरता श्वास, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोकांनी मान वळवली. कुठून येतंय ते कोणाला कळेना. मला कळलं. त्या माणसानं स्वतःच्या हातानं प्लग लावला होता.

मग पेटी सुरू झाली. नावाड्याला हाक मारणारं ते गाणं. सूर चुकत होते, भाता मधेच अडत होता, आणि त्या सुरांच्या मधून वामनभाऊंचा आवाज आला, "मी वामन पराते बोलून राहिलो. कापडवाला. तो फ्राक... ते कापड माह्या दुकानातलं हाय. शिवलं बाजूच्या बाईनं. हे माणसं माह्या ओळखीचे हायेत. तुमच्याही हायेत. दरसाली येतात. निताईभाऊ, म्हना. वहिनी, तुमी म्हना. लोकाइले ऐकू द्या."

निताई गाण्याच्या स्थितीत नव्हता. शेफाली गायली. रस्त्यावर बसून, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. आवाज निघत नव्हता, निघाला तो कापत होता. पण सूर तोच होता, जो दर सुगीला आमच्या दारात येऊन गेला होता आणि ज्याच्यासाठी आम्ही टीव्ही मोठा केला होता.

भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं आधी तोंड उघडलं. "अरे, हे त सुगीतली बंगालन होय. माह्या दारी येते ना हे. सोडा तिले." दुसरं कोणी म्हणालं, हो, आमच्याकडंही येते. मी कड्यात पडलेल्या फटीतून आत घुसले, फ्रॉक त्या माणसाच्या काडीवरून ओढला आणि उलटा करून त्याच्या नाकासमोर धरला. "पाह्य, हे शिलाई माही हाय. तुह्या बायकोच्या ब्लाऊजाले हेच शिलाई हाय." तो मागं सरला. सगळे एकदम सरले नाहीत. मागून दोघंतिघं अजून ओरडत होते की हे सगळे एकमेकांना मिळालेले आहेत. पण समोरच्यांचे मोबाइल खाली आले होते. तेवढ्यात जमादार आले, आणि कडं असं विरघळलं की जणू तिथं फक्त भाजी घ्यायलाच माणसं जमली होती.

दवाखान्यात निताईच्या ओठाला टाके पडले. त्या केरळच्या सिस्टरनंच घातले. जमादार म्हणाले, वस्तीवरून जीप येईपर्यंत यांना कुठं तरी आत बसवा. मी त्यांना घेऊन दुकानाकडं आले आणि शटर वर केलं.

वामनभाऊ जमिनीवर, ताग्यांना टेकून, पाय पसरून बसले होते. पेटी मांडीवर. माईकची तार पायाजवळ. "बाई, ते बटन बंद करता का," ते म्हणाले. "मले उठता येऊन नाही राहिलं."

संध्याकाळ होत होती. बाजार लवकर उठला. आम्ही चौघं आत बसलो, शटर पुन्हा अर्धं खाली घेऊन. बाहेर पावलं वाजली की आम्ही बोलणं थांबवायचो. एकदा कोणीतरी शटरवर थाप मारली, आणि निताईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. चहावाला होता. कोणी सांगितलं नव्हतं तरी चार चहा ठेवून गेला आणि आमच्याकडं न पाहता गेला. तोही दुपारी कड्यात होता की नाही, मला माहीत नाही.

निताईनं मोडलेल्या दोताऱ्याचे तुकडे फ्रॉकच्या कागदावर ठेवले होते. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, तुमाले पंख्याचं भेव, शेळीचं भेव. मग या साऱ्याइच्या गाण्यामांगं कायले फिरता तुमी?"

त्यांनी पेटीची पट्टी चोळली.

"रमशिला गाये ना," ते म्हणाले.

रमशिलाबाई म्हणजे त्यांच्या बायको. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. छत्तीसगडच्या होत्या, कोष्टी विणकर घरातल्याच. मी त्यांना ओळखत होते, म्हणजे पाहिलं होतं. डोक्यावरचा पदर खाली न येऊ देणारी, हो-नाही एवढंच बोलणारी बाई. त्या गात होत्या हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

"नवी आली तवा मागाच्या सुताच्या कांड्या भरतानी गाये. तिकडच्या बोलीत. माय म्हने, हे काय जंगली लावलं. आजूबाजूच्या बाया हासत. मले वाटे, लोक काय म्हनतीन. म्या तिले काही म्हटलं नाही. पन गा, असंही नाही म्हटलं." त्यांनी शेफालीकडं पाहिलं नाही. "मंग तिनं सोडलं गानं. मले ध्यानातच नाही आलं कधी सोडलं ते. ती गेल्यावर एक दिवस आठवाले बसलो, त दोनच ओळी आल्या. पुढचं आठवत नाही. बोल त नाहीच नाही. विटाभट्टीवरच्या बायाइले विचारलं, त्या म्हनतात हे आमच्याकडचं नोहे. म्हटलं, कोनी त म्हनत असन. कोठं त असन."

त्यांनी भाता ओढला आणि त्या दोन ओळी वाजवल्या. सरळ, खाली वर होणारी चाल, आणि मग चढून अशा जागी थांबलेली, जिथं गाणं थांबत नाही.

"आपका है का, वहिनी?"

शेफालीनं डोळे मिटून ऐकलं. "हमारा नहीं है, दादा," ती म्हणाली.

वामनभाऊंनी मान हलवली, जशी ते गिऱ्हाइकानं कापड परत ठेवल्यावर हलवतात. पुन्हा एकदा तेवढंच वाजवलं. या वेळी शेफालीनं तो सूर धरला. बोल नव्हते, नुसतं गुणगुणत. जिथं तो तुटत होता, तिथून तिनं त्याला आपल्या मनानं पुढं नेलं, थोडं वळवलं, आणि हळूच खाली आणून ठेवलं.

वामनभाऊंचा हात भात्यावर थांबला होता.

"असं नव्हतं ते," ते म्हणाले.

शेफाली लाजली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. निताई भिंतीला धरून उठू लागला, तर वामनभाऊंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"नव्हतं असं," ते म्हणाले. "पन म्हना, वहिनी. आखीन एक डाव म्हना."